सायलीला मारलेल्या हाका

वाशीत राहायला आल्यावर पहिली दोन वर्षं मी तिरोडकरबाई होते. पुढची दहा वर्षं मांजरवाल्या बाई. बसमधून उतरून कुणी पत्ता विचारायला लागला की कोपऱ्यावरचा पानवाला नाव न विचारता आमच्या बिल्डिंगकडे बोट दाखवायचा. माणसाच्या हातातली झाकणाची वेताची टोपली बघूनच त्याला कळायचं. आमच्या ह्यांना या ओळखीची भारी लाज वाटे. तळोज्याच्या केमिकल कारखान्यात ते सुपरवायझर होते, हाताखाली चाळीस माणसं, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये लोक त्यांना मांजरवाल्या बाईंचे मिस्टर म्हणत. मला विचाराल तर मला तोरा होता. अजून थोडा आहे.

दिवाळी अंकासाठी तुमच्या व्यवसायावर काहीतरी लिहा, असं सांगणं आलं तेव्हा मी आधी हसले. मांजरांचा कसला आलाय व्यवसाय? पण मी तो केला, नीट केला, आणि त्यात एक मोठी चूकही केली. चूक सांगायची असेल तर आधी काम सांगायला हवं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

लग्नाआधी मी फोर्टातल्या एका पारशी पेढीत टायपिस्ट होते. मालकीण शिरीनबाई. त्यांच्या घरी लांब केसांची पर्शियन मांजरं होती, चपट्या नाकाची, ढगाएवढ्या शेपटीची. शिरीनबाई म्हातारपणी मुलीकडे परदेशी निघाल्या तेव्हा त्यांनी एक पांढरी मांजरी माझ्या हवाली केली. तिचं नाव मी मोगरा ठेवलं. डोळे मधाच्या रंगाचे, स्वभाव गायीचा. निघताना शिरीनबाईंनी मला पुष्कळ शिकवलं, आणि दारात उभं राहून एक शेवटची गोष्ट सांगितली.

"हिला बोका बघशील तो राखोडी बघ. सफेदला सफेद नाय द्यायचा."

का, म्हणून मी विचारलं. "माझी मम्मी सांगायची," एवढंच त्या म्हणाल्या. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, आपल्या मांजरांचा भाव टिकावा म्हणून म्हातारी म्हणत असेल.

तेव्हाची वाशी आताच्या माणसाला सांगून पटणार नाही. खाडीपूल होऊन फार वर्षं झाली नव्हती. बिल्डिंगा कमी आणि त्यांच्यामधले मोकळे प्लॉट जास्त. संध्याकाळी खाडीवरून असा वारा यायचा की दोरीवरचे कपडे तीन मजले खाली जाऊन गोळा करावे लागत. पाहुणे म्हणायचे, कुठे येऊन पडलात हो. पण मला ते गाव नव्या कोऱ्या वहीसारखं वाटायचं. शेजारी कुणी कुणाला ओळखत नव्हतं, म्हणून सगळेच एकमेकांकडे जात. दारं उघडी असायची. साखर मागायला आलेली बाई मांजर बघायला थांबायची आणि साखर न घेताच घरी जायची.

वाशीला लागून असलेल्या जुहूगावातून एक मावशी मासळी घेऊन यायची. मी मांदेली उकडून, काटे काढून मांजरांना भरवते हे तिनं पाहिलं आणि टोपली खाली ठेवून ती कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"मांजरांना काटं काडून देतंस? माज्या पोरांना कोन काडून देत नाय."

त्या दिवसापासून ती मला कोळंबीची साल, माशांची मुंडकी फुकट द्यायला लागली आणि वर सांगायला लागली की वाशीतली खरी मजा तुझ्या मांजरांची हाय. तिचं फारसं चुकत नव्हतं.

आता कामाबद्दल. लोकांना वाटतं, मांजर व्यायली, पिल्लं विकली, झालं. असं करणारे तेव्हाही होते. महिन्याचं पिल्लू आईपासून तोडायचं आणि बुटाच्या खोक्यात घालून द्यायचं. मी वर्षातून एकच वेत घ्यायचे. मांजरी माजावर आली म्हणून दर वेळी बोका दाखवायचा नसतो, तिच्याही अंगात ताकद यावी लागते. नऊ आठवडे पोटात, मग बारा आठवडे आईजवळ. त्या बारा आठवड्यांत पिल्लू जे शिकतं ते कुठलाही माणूस त्याला शिकवू शकत नाही. किती जोरात चावलं की दुसऱ्याला दुखतं, वाळूच्या ट्रेमध्ये कसं बसायचं, भांडण कुठे थांबवायचं. शिवाय पिल्लांचे डोळे जन्मतः सगळ्यांचेच निळे असतात. खरा रंग ठरायला दोन-तीन महिने जातात. निळे डोळे म्हणून घाईनं नेलेलं पिल्लू घरी जाऊन पिवळ्या डोळ्यांचं झालं की लोक फसवलं म्हणत यायचे, माझ्याकडे नव्हे, दुसऱ्यांकडे.

लस वाशीत मिळत नसे. मी थर्मासमध्ये बर्फ भरून मुंबईहून आणायचे. बसमध्ये एकदा कंडक्टरनं विचारलं, काय कुल्फी का? मी हो म्हटलं. मांजरांची लस म्हणाले असते तर पूल संपेपर्यंत समजावत बसावं लागलं असतं.

पिल्लू द्यायच्या आधी मी घर बघायला जायचे. मुलगी द्यायच्या आधी जातात तसंच, आणि तसाच चहा व्हायचा. चहा आत होत असताना मी खिडक्या बघून घ्यायचे. नव्या फ्लॅटांना ग्रिल नसायचे. जाळी बसवा, मग या, असं सांगून मी किती चहा पिऊन उठले असेन. मग पिशवीतून स्टीलचा कंगवा काढून घरातल्या प्रत्येकाच्या हातात द्यायचे आणि माझ्याबरोबर आणलेल्या एखाद्या पिल्लाला विंचरायला सांगायचे. कोण कसं विंचरतं यावरून माणूस कळतो. शेपटीकडून सुरू करणारा घाईचा. मानेखाली हळूच हात घालणारा आपला.

कोपरखैरण्याचे एक शेठ तीनदा आले. जमीन संपादनात गेली होती, बंगला उठला होता, आणि बंगल्यातल्या सोफ्याला शोभेल असं पिल्लू त्यांना हवं होतं. "बाई, टेन्शन नाय, बोला तुमी," असं ते म्हणायचे आणि मी नाही म्हणायचे, कारण घरी दोन दांडगी कुत्री होती. तिसऱ्यांदा ते आईला घेऊन आले. म्हातारी काही न विचारता माझ्या फरशीवर बसली, कंगवा उचलला आणि मोगराला विंचरायला लागली. मोगरा अर्ध्या तासात तिच्या मांडीवर उताणी. शेठ घड्याळ बघतायत आणि म्हातारी म्हणतेय, कुत्री बांदू, नायतर तुला बांदू. मी पिल्लू दिलं. त्या पिल्लाला सोफ्यावर बसायला मिळालं की नाही कोण जाणे, म्हातारीची मांडी मात्र त्यानं सोडली नाही.

बेलापूरच्या एका वकिलांच्या पत्नीनं आठ दिवसांत पिल्लू परत आणलं. साहेबांच्या काळ्या कोटावर पांढरे केस बसतात म्हणे, आणि कोर्टात जज्जसाहेब हसले. मी ते ठेवून घेतलं. माझा नियम होता, जमलं नाही तर परत माझ्याकडे आणायचं, रस्त्यावर सोडायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही. आणि पिल्लाचं काही बरंवाईट झालं तर ते मला समक्ष येऊन सांगायचं. हे सगळं मी वहीत लिहून त्यांची सही घ्यायचे.

एवढे नियम असणाऱ्या बाईची चूक कशी होते, ते आता सांगते.

शिरीनबाई परदेशी गेल्यावर सुरुवातीला मी मोगराला राखोडी बोकाच दाखवत होते. पिल्लं सुंदर व्हायची, पण लोकांना राखोडी नको असे. लोकांना हवं असे पांढरंशुभ्र, निळ्या डोळ्यांचं. नंतर चेंबूरला राहणाऱ्या एका बोटीवरच्या अधिकाऱ्याकडे मला तसा बोका मिळाला. आकाशी डोळे, कापसाचं अंग. त्याचा रुबाब असा की कितीही हाका मारा, साहेब मान वळवणार नाहीत. म्हणून मी त्याचं नाव नवाब ठेवलं. पाहुण्यांना मी कौतुकानं सांगायचे, आमचा नवाब कुणाचं ऐकत नाही.

नवाब आणि मोगराची पिल्लं वाशीभर गाजली. त्यांना मी पांढऱ्या फुलांची नावं द्यायचे. जाई, कुंदा, अनंत, सायली. आठ-नऊ महिने आधी लोक नाव नोंदवून ठेवत. एकानं तक्रार केली की पिल्लू ऐकत नाही, तेव्हा मी पिल्लांच्या कानांचीही परीक्षा सुरू केली. पिल्लू फरशीवर ठेवायचं, त्याचं लक्ष नसताना मागे जाऊन पितळी ताट फरशीवर आपटायचं. पिल्लू दचकलं की वहीत लिहायचं, कान ठीक. माझं एकही पिल्लू त्या परीक्षेत नापास झालं नाही. याचाही मला तोरा होता.

सायली गेली बेलापूरला, गुरव म्हणून होते त्यांच्याकडे. सरकारी कचेरीत कारकून, पन्नाशीच्या आतबाहेर, मूलबाळ नाही. तळमजल्याचं क्वार्टर, समोर चार हात अंगण. कंगव्याच्या परीक्षेत मला इतका आवडलेला माणूस दुसरा नव्हता. त्यांनी आधी कंगवा स्वतःच्या मनगटावर फिरवून पाहिला, टोचतो का ते. त्यांच्या पत्नी गुरववहिनी कमी बोलणाऱ्या होत्या, पण खिडक्यांना जाळी त्यांनी मी सांगायच्या आधीच लावून घेतली होती.

सात-आठ महिन्यांनी एका दुपारी गुरव माझ्या दारात उभे राहिले. हातात टोपली नव्हती. मी समजले.

संध्याकाळी ते सायलीला अंगणात घेऊन बसत. त्या दिवशी कॉलनीत पाण्याचा टँकर आला होता. सायली फाटकातून बाहेर गेली आणि टँकरच्या मागच्या चाकापाशी सावलीत बसली. टँकरनं मागे यायला सुरुवात केली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. गुरवांनी हाक मारली. ती उठली नाही. ते धावले, पण पोचले नाहीत.

"मी हाक मारली होती हो," ते म्हणाले. "तीनदा मारली. ती माझ्याकडे पाठ करून बसली होती. हललीच नाही."

मला तेव्हा दुःख झालं होतं हे खरं, पण दुःखाहून राग मोठा होता. ही पोरं मी हातानं भरवलेली. मी त्यांना बसा म्हटलं नाही. म्हटलं, गुरव, तुमचं लक्ष नव्हतं असं सरळ सांगा. हौसेनं न्यायचं आणि मग गप्पा मारत बसायचं. आणि पुढे जे बोलले ते शब्दन् शब्द आठवतं.

"हाकेला न येणारं मांजर माझ्या घरात जन्मत नाही."

नियमाप्रमाणे समक्ष सांगायला आलेला माणूस, उन्हातून दोन बस बदलून आलेला, त्याला मी पाणीसुद्धा विचारलं नाही. त्यानंतर बेलापूरचं कुणी पिल्लू मागायला आलं की मी सायलीची गोष्ट सांगायचे, निष्काळजी माणसाकडे पिल्लू गेलं तर काय होतं म्हणून. नाव घ्यायचे नाही, पण छोट्या कॉलनीत नाव घ्यावं लागत नाही.

पुढे दोन वर्षं गेली. त्या वर्षीच्या वेतातली तगर मी लताबाईंना दिली होती. हे कुटुंब साताऱ्याकडचं. यजमान इथल्या घाऊक बाजारात कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर दिवाणजी. त्यांची आठ वर्षांची मुलगी मनू जन्मतः बहिरी, मुंबईला तशा मुलांच्या शाळेत जायची. खरं सांगायचं तर पिल्लू द्यायला मी कचरत होते. मुलीला मांजराचं गुरगुरणं, रडणं कळायचं नाही, मग ती त्याला जपणार कशी, असं माझ्या डोक्यात होतं. पण मनूनं पिल्लाच्या गळ्याला बोटं लावली आणि तोंड भरून हसली. तिला त्याची घरघर हाताला कळत होती. मग मी दिलं.

महिन्याभरानं लताबाई टोपलीत तगरला घेऊन आल्या. म्हणाल्या, "बाई, रागावू नगा. तगरला ऐकू येतंय का ओ?"

मी रागावलेच. म्हटलं, माझ्याकडून परीक्षा झाल्याशिवाय पिल्लू बाहेर जात नाही. वही उघडून दाखवली. त्यावरही थांबले नाही. पितळी ताट आणलं, तगरला फरशीवर ठेवलं, मागून ताट आपटलं. तगर टुणकन उडाली. मी लताबाईंकडे बघितलं.

त्यांनी तगरला उचललं, आतल्या पलंगावरच्या गादीवर नेऊन ठेवलं आणि म्हणाल्या, "आता वाजवा. खाली आपटू नगा, हातातच वाजवा."

मी आमटीचा डाव आणला आणि मागे उभी राहून ताटावर मारला. शेजारच्या फ्लॅटमधलं बाळ रडायला लागलं. तगर पंजा चाटत होती. मी पुन्हा मारला. तिच्या कानामागे वीतभर अंतरावर मारला. तिचा पंजा चाटून झाला तेव्हा तिनं दुसरा घेतला.

"आमीबी ताटच वाजवत हुतो," लताबाई म्हणाल्या. "मनू दोन वर्साची हुईस्तवर. फरशीवर बसलेली असायची, मागनं ताट आपटलं की वळायची. सासूबाई म्हनायच्या, पोरीला समदं ऐकू येतंय, बोलंल की उशिरा. मग डॉक्टरनी तिला माज्या मांडीवर बसवलं आन् मागं घंटी वाजवली. तवा कळलं. फरशी हादरायची, ते तिला बुडाला कळायचं."

मी पलंगावर बसले. म्हटलं, हिला इथेच ठेवा, मी तुम्हाला दुसरी देते, चांगली. चांगली हा शब्द लताबाईंसमोर वापरायचा नव्हता हे तो तोंडातून गेल्यावर कळलं. लताबाईंनी तो ऐकला आणि सोडून दिला. म्हणाल्या, परत कशापायी? मनू पाय आपटते आणि ती पळत येते, दोघींचं झकास चाललंय.

"मी आपलं सांगाय आले. तुमी अजून लोकांना देताय न्हवं."

त्या गेल्यावर मी नवाबला गादीवर ठेवलं. तो झोपला होता. त्याच्या डोक्यावर मी ताट वाजवलं, डबे वाजवले, हाका मारल्या. नवाब झोपेत मिशा हलवत राहिला. इतकी वर्षं मी त्याचा रुबाब सांगत होते. मोगरा मात्र पहिल्याच आवाजाला कपाटावर. मग त्याच वेतातली, अजून न दिलेली चार पिल्लं एकेक करून गादीवर घेतली. तिघांनी मान वळवली नाही.

शिरीनबाईंच्या मम्मीला कारण ठाऊक नसेल, पण गोष्ट ठाऊक होती. नंतर मुंबईच्या जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, पांढरा रंग, निळे डोळे आणि बहिरेपण हे पुष्कळदा एकत्रच येतं, त्यातून दोन्ही बाजूंनी पांढरं असलं तर जास्तच. तुम्हाला माहीत नव्हतं? मी नाही म्हटलं. माहीत होतं, मी ऐकलं नव्हतं, असं म्हणायला हवं होतं.

आमचे हे शिफ्ट संपवून घरी आले तेव्हा मी सगळं सांगितलं. त्यांनी ज्यांना शब्द दिलाय त्यांचं काय, असं विचारलं. मी म्हटलं, नाही म्हणायचं. मग ते म्हणाले की नवाबला नसबंदीच्या ऑपरेशनसाठी मुंबईला न्यायचं तर शनिवारी नेऊ, मला सुट्टी आहे. या माणसाला मांजरांची लाज वाटायची, पण त्या शनिवारी बसमध्ये टोपली मांडीवर घेऊन तेच बसले होते.

निळ्या डोळ्यांची पांढरी पिल्लं बंद झाली. पुन्हा राखोडी बोका आणला. माझ्या दाराशी येणारे निम्म्यावर आले. मी वही काढली आणि नवाबचं पिल्लू जिथे जिथे गेलं होतं तिथे जायला लागले. प्रत्येक घरी पिल्लू गादीवर ठेवायचं, ताट वाजवायचं आणि मग सांगायचं की याला बाहेर सोडू नका, मागून जाऊन उचलू नका, बोलवायचं तर जमिनीवर थाप मारा. काही घरांत लोक म्हणाले, अहो, आम्हाला कधीच कळलं होतं, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. एका घरी आजोबा हसून म्हणाले की त्यांनाही ऐकू येत नाही, तेव्हा दोघं एकमेकांवर रागावत नाहीत. अनंत वरच्या मजल्यावरून पडून गेला होता आणि ते मला कुणी कळवलं नव्हतं. गुरवांना मी काय बोलले हे त्यांच्या कानावर होतं, म्हणून कळवलं नाही, असं त्या घरच्या बाईनं मला तोंडावर सांगितलं.

गुरवांकडे मी सगळ्यात शेवटी गेले. कामं काढून दोन महिने टाळलं. मग एका रविवारी सकाळी बेलापूरची बस पकडली.

दार गुरववहिनींनी उघडलं. ओळखलं, पण या म्हणायला थोडा वेळ लावला. गुरव आत पेपर वाचत होते, ते उठून उभे राहिले. दोन वर्षांत बरेच वाकले होते. खिडक्यांची जाळी तशीच होती. त्यांनी नंतर मांजर आणलं नव्हतं, कुत्रंही नाही.

मी बसलेच नाही. उभ्यानंच म्हटलं, "सायली बहिरी होती. जन्मापासून. चूक माझी होती. तुमची हाक तिला ऐकूच आली नव्हती."

गुरव पेपरची घडी घालत राहिले. वहिनी भिंतीला टेकल्या. बोलल्या त्या, आणि माझ्याशी.

"तुम्ही म्हणालात ना यांना, हाकेला न येणारं मांजर तुमच्याकडे जन्मत नाही. घरी येऊन यांनी जसंच्या तसं सांगितलं मला. तुम्ही त्यातल्या जाणकार. मला वाटलं, बाई कशाला खोटं बोलतील. हे हाक मारली म्हणायचे आणि मी दर वेळी विचारायचे, खरंच मारली होती का हो? दोन वर्षं विचारतेय. परवासुद्धा विचारलं."

मग त्या नवऱ्याकडे वळल्या. तशाच आत गेल्या आणि कितीतरी वेळ नळ सोडल्याचा आवाज येत राहिला.

माझ्या हातून मेलेली मांजरी मी दोन वर्षं या माणसाच्या माथी मारली होती आणि त्यांचं घर त्यात भरडून निघालं होतं. क्षमा मागायची म्हणून मी वाक्यं जुळवून गेले होते. मी रडले. गुरवांनी मला खुर्ची दिली, पाण्याचा पेला आणून दिला.

"म्हणजे मी बोलायचो तेही तिला ऐकू येत नव्हतं," ते म्हणाले. "ऑफिसातून आलो की तासभर बोलायचो मी तिच्याशी. साहेब काय म्हणाला, कुणाची बदली झाली. ती समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मला वाटायचं, काय लक्ष देऊन ऐकते."

मी म्हटलं, ती तुमच्या तोंडाकडेच बघत असणार. बहिरी मांजरं माणसाचा चेहरा फार बघतात.

ते थोडं हसले. मग त्यांनी फाटकाबाहेर बघितलं. तिथे तेव्हा नुसतं ऊन होतं.

"एक विचारू का? तुम्हाला त्यातलं कळतं म्हणून विचारतो. मग तिला टँकरही ऐकू आला नसणार. हॉर्नही नाही. म्हणजे शेवटी ती घाबरली नसेल ना?"

जमीन हादरलेली बहिऱ्या मांजरांना पंजाला कळते, माझं ताट आपटलं एवढ्यानं सगळी पिल्लं उडत, हे त्या वेळी वाशी-बेलापुरात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. आणि टँकरचं इंजिन तिच्यापासून दोन हातांवर चालू होतं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या, पदरानं हात पुसत. त्याही माझ्याकडेच बघत होत्या.

"नाही," मी म्हटलं. "तिला काही कळलंच नसेल."

गुरवांनी मान हलवली. वहिनींनी चहा ठेवते म्हणून सांगितलं, आणि मी थांबले.